न लावलेली नळी

सगळा घोळ उघडकीला आला तो एका ठणठणीत मांजरीमुळे.

मंगळवारी अकराच्या सुमाराला प्रयोगशाळेतला फोन वाजला. पलीकडे प्राण्यांचे डॉक्टर होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा दवाखाना, आणि माणूस मोठा गमत्या. "काय हो बाई, तुमच्या कागदाप्रमाणे आमची एक पेशंट एव्हाना वर पोचायला हवी होती. ती आत्ता माझ्या टेबलावर बसून माझ्या मदतनिसाला ओरबाडतेय. पाच आठवड्यांत वजन तीनशे ग्रॅमनं वाढलंय. आता समजावू कोणाला? मांजरीला की कागदाला?"

"मालकांनी शेवटची सुई देऊ दिली नाही वाटतं?" धाकटीने विचारलं.

"नाही ना! म्हातारा हट्टी निघाला. म्हणाला, जाईल तेव्हा जाईल, मी नाही पाठवणार. मी त्याला चांगला तासभर समजावत होतो, आता मलाच त्याच्या पाया पडावं लागणार."

धाकटी हसली, पुन्हा रक्ताचा नमुना पाठवा म्हणाली आणि फोन ठेवला. हसू ओठांवर होतं तसंच राहिलं. तिचा अहवाल चुकत नसे. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते जरा जास्तच ठाऊक होतं.

तिला सगळे धाकटी म्हणत. घरात दोन बहिणी, त्यातली ही लहान. वडील एकदा प्रयोगशाळेत फोन करून "धाकटीला द्या" म्हणाले, तेव्हापासून इथेही तेच नाव चिकटलं. आता ती बेचाळीस वर्षांची होती, कानांवरचे केस पिकले होते, हाताखाली तीन माणसं होती, तरी धाकटीची धाकटीच.

तिचं काम काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मांजरांमध्ये एक कोरोनाव्हायरस असतो. पुढे साऱ्या जगाने ज्याचा धसका घेतला त्याचा हा लांबचा भाऊबंद. बहुतेक मांजरांच्या आतड्यात तो बिऱ्हाड करून असतो आणि फारसं काही बिघडवत नाही. पण एखाद्या मांजरात त्याची बुद्धी फिरते. तो आतडं सोडून रक्तातल्या पेशींत शिरतो आणि तिथे कारखाना उघडतो. मग मांजराला ताप येतो, ते झिजतं आणि जातं. त्या काळी यावर औषध मिळत नव्हतं. म्हणून रक्तात नुसता विषाणू सापडून भागत नसे. तो नुसता वाट चुकून आलाय की कामाला लागलाय, हे कळायला हवं असे.

ते कळायचं विषाणूच्या एका खोडीवरून. त्याची सगळी जनुकं एकाच लांबलचक धाग्यावर, एकापुढे एक लिहिलेली असतात, जवळजवळ एकोणतीस हजार अक्षरं. पेशीतलं वाचणारं यंत्र सुरुवातीपासून वाचायला घेतं आणि शेपटापर्यंत पोचण्याआधीच हात टेकतं. पण विषाणूचं अंग ज्यांतून बनतं ती जनुकं नेमकी शेपटाकडेच असतात. तेव्हा विषाणू काय करतो? त्याचं नक्कल करणारं यंत्र शेपटाकडून निघतं, एकेका जनुकाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या खुणेपाशी अडखळतं, आणि मधली सगळी हजारो अक्षरं सोडून थेट धाग्याच्या डोक्यावर उडी घेतं. अशा लहान-मोठ्या चिठ्ठ्या तयार होतात, प्रत्येकीचं डोकं तेच आणि धड निराळं. कुठल्या खुणेपाशी किती वेळा अडखळायचं, यावर कुठलं प्रथिन किती बनणार ते ठरतं. साहेबाने कचेरीत बसून चिठ्ठ्या पाठवाव्यात तसा हा सगळा कारभार. धाकटीने उमेदीची सहा वर्षं या एका उडीवर घालवली होती. कोणी विचारलं तर जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून ती समजावून सांगायची, आणि न विचारताही सांगायची.

रक्तात चिठ्ठ्या सापडल्या, म्हणजे कारखाना सुरू. नुसता लांब धागा सापडला, म्हणजे पाहुणा आलाय, इतकंच. चिठ्ठ्या शोधायला ती दोन प्रायमर वापरायची. प्रायमर म्हणजे ठरावीक अक्षरांवरच जाऊन चिकटणारा छोटा तुकडा. एक डोक्यावर बसणारा, दुसरा शेपटाकडच्या जनुकात बसणारा. चिठ्ठीत या दोन जागा शेजारी शेजारी येतात, म्हणून मधल्या तुकड्याच्या नकला वाढत वाढत जातात आणि जेलवर, म्हणजे पारदर्शक जेलीच्या वडीवर, चमकणारी पट्टी दिसते. लांब धाग्यात त्यांच्यामध्ये एवढं अंतर असतं की यंत्राला ते कापायला वेळच पुरत नाही, आणि जागा काळी राहते. पट्टी आली की अहवालावर 'सक्रिय' लिहायचं. 'सक्रिय' म्हटलं की दवाखान्यातले डॉक्टर घसा खाकरायचे आणि मालकाला खुर्चीवर बसायला सांगायचे.

फोन ठेवल्यावर तिने वही काढली. प्रत्येक जेलचा फोटो तीत तारखेनिशी डकवलेला असे. पानं उलटता उलटता ती वसंतातल्या एका तारखेशी थांबली. जेलवर लांब तुकड्याची पट्टी वर राहते, आखूड तुकड्याची खाली सरकते. त्या तारखेपर्यंत चिठ्ठीची पट्टी दुसऱ्या, साध्या तपासणीच्या पट्टीपेक्षा बोटाच्या पेराएवढी वर होती. साधी तपासणी म्हणजे विषाणू आहे की नाही एवढंच सांगणारी, तिचे दोन्ही प्रायमर जनुकाच्या आतच बसणारे. शेपटाकडचा प्रायमर दोन्ही तपासण्यांत तोच, फरक फक्त पहिल्याचा, इथे तो डोक्याऐवजी धडावर बसायचा. त्या तारखेनंतर दोन्ही पट्ट्या एका ओळीत आल्या होत्या, अगदी काटेकोर, पान न् पान. चार महिने ती रोज या फोटोंकडे बघत होती. बघत होती म्हणजे काय, पट्टी आहे का नाही एवढंच बघत होती. कुठे आहे ते बघायची तिला गरज वाटली नव्हती.

ती फ्रीझरकडे गेली. प्रायमरचा डबा काढला. वसंतात दोन नव्या बाटल्या आल्या होत्या. एक डोक्याची, एक धडाची. दोन्हींतून रोजच्या वापराच्या नळ्या तिनेच भरल्या होत्या, तिच्याच अक्षरात झाकणांवर 'डोकं' आणि 'धड' लिहिलेलं होतं. धडाची बाटली निम्म्याहून खाली गेली होती. डोक्याच्या बाटलीचं सील तसंच होतं.

तिने सीलवरून नख फिरवलं. कुठे फाटलंय, कुठे उचकटलंय का, दोनदा पाहिलं. एकाच बाटलीतून तिने दोन्ही नळ्या भरल्या होत्या. चार महिने तिची 'सक्रिय'ची तपासणी ही साधीच तपासणी होती, दुसऱ्या नावाने. पोटात निरुपद्रवी विषाणू बाळगणाऱ्या ज्या कोणा मांजराच्या रक्तात धाग्याचा लहानसा अंश आला असेल, त्या प्रत्येकाला तिने मरणाची चिठ्ठी दिली होती.

त्या दिवशी कोणी बोलत होतं का, फोन आला होता का, बरं नव्हतं का, म्हणून तिने डोकं खाजखाजवून पाहिलं. काही आठवेना. एखादं कारण सापडलं असतं तर तिने ते घट्ट धरून ठेवलं असतं. तो एक साधा दिवस होता आणि ती एक साधी चूक होती, लाज वाटावी इतकी साधी.

आणि तरीही ती चूक दुसऱ्याच दिवशी पकडली गेली असती. प्रत्येक वेळी नमुन्यांच्या बरोबरीने तीन नळ्या लावायच्या असा इथला नियम. एकीत पाणी, तिच्यात काही येता कामा नये. एकीत विषाणूने भरलेल्या पेशी, तिच्यात पट्टी यायलाच हवी. आणि तिसरी वाहकाची. प्राण्यांच्या निवाऱ्यात एक लठ्ठ, धष्टपुष्ट मांजरी होती. तिच्यात विषाणू होता आणि आजार मात्र कणभर नव्हता. तिच्या रक्ताच्या नळीत साध्या तपासणीला पट्टी यायची, चिठ्ठ्यांच्या तपासणीला कधीच नाही. तिथे पट्टी आली की समजायचं, आपलंच काहीतरी फिसकटलंय. वसंतात तिच्या रक्ताचा साठा संपला. नवा आणायचा म्हणजे निवाऱ्यापर्यंत जा, त्या जाडीला दोघांनी धरा, रक्त काढा, अर्धा दिवस गेला. सात वर्षांत त्या नळीने एकदाही काही दाखवलं नव्हतं. धाकटीने 'पुढच्या आठवड्यात' म्हटलं, आणि पुढचा आठवडा आला तेव्हाही तेच म्हटलं. नव्याने येणाऱ्या पोरापोरींना हीच धाकटी बोट नाचवून बजावायची की आधी वाहकाची जागा काळी आहे का ते बघा, तोवर पुढे वाचूच नका.

ती स्टुलावर बसली. चार महिन्यांत 'सक्रिय' किती गेले ते मोजलं. नोंदवहीत अकरा होते.

बारावा नोंदवहीत नव्हता. बारावा तिच्या वडिलांचा बोका होता.

वडील लिफ्टचे मिस्त्री. सारी हयात लोकांना वर-खाली नेण्यात गेली आणि स्वतः मात्र तळमजल्यावर राहिले, हा त्यांचा ठरलेला विनोद. आई गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा धाकटीनेच त्यांना हे पिल्लू आणून दिलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या खोल्या हुंगल्या, अवजारांची पेटी तपासली, कपाटावर चढून वरून पाहणी केली आणि नापसंतीने शेपूट हलवली. वडिलांनी त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. "असेच येतात," ते म्हणाले, "हात मळवत नाहीत, फक्त बघतात आणि निघतात."

उन्हाळ्याच्या तोंडाशी इन्स्पेक्टरला ताप भरला. खाणं सुटलं, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. धाकटीने स्वतः रक्त घेतलं, घरचं मांजर म्हणून नोंद न करता तपासलं आणि संध्याकाळी वडिलांना फोन केला. "बाबा, तोच आजार आहे. फार दिवस ठेवू नका, हाल होतील त्याचे." ते "बरं" म्हणाले. तीन दिवसांनी ते एकटेच त्याला दवाखान्यात घेऊन गेले. धाकटीची त्या दिवशी बैठक होती.

दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. सर प्रयोगशाळेचे प्रमुख, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, निवृत्तीला टेकलेले, बोलायला रूक्ष. तिने वही आणि सीलबंद बाटली दोन्ही टेबलावर ठेवल्या. सरांनी बाटली उजेडात धरून फिरवली आणि परत ठेवली.

"वाहक कंट्रोल?"

"साठा संपला होता. मी लावत नव्हते."

सरांनी वही आपल्याकडे ओढली. "मी सह्या करत होतो," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही. पण ते माझं मी बघेन. आधी सगळे नमुने परत लावा. मग दवाखान्यांना पत्र जाईल."

"मालकांना मी फोन करते सर."

"करा. पण रडू नका. रडणाऱ्याला लोक धीर देत बसतात, आणि तुम्हाला धीर देणं हे त्यांचं काम नाही."

बुधवारी सकाळीच ती निवाऱ्यात गेली. त्या जाडीला स्वतः धरलं, मनगटावर दोन ओरखडे घेतले आणि ते तिला बरे वाटले. दुपारी डोक्याच्या बाटलीचं सील तोडलं. उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून अकरा नळ्या निघाल्या. बारावी, झाकणावर 'इ' लिहिलेली, तिने बर्फात बाजूला ठेवली आणि संध्याकाळी तशीच परत फ्रीझरमध्ये ठेवून दिली.

अकरांतल्या पाच जागी पट्टी आली, वर, आपल्या जुन्या जागेवर. सहा जागा काळ्या राहिल्या. त्या सहांतली दोन मांजरं जिवंत होती. एक त्या हट्टी म्हाताऱ्याची, दुसरी एका ड्रायव्हरची. त्याला दवाखान्यात जायला वेळ मिळाला नव्हता म्हणून ती वाचली. बाकीच्या चौघांना सुई देऊन झाली होती.

गुरुवारी तिने फोन केले. ड्रायव्हर आनंदाने ओरडलाच. त्याच्या ओरडण्याने तिला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक गृहस्थ सगळं ऐकून "कळवलंत, आभारी आहे" म्हणाले आणि फोन ठेवून मोकळे झाले. एकांनी वकिलाचं नाव सांगितलं. एकांचा फोन लागला नाही, त्यांना तिने हाताने पत्र लिहिलं. आणि एक शिवणकाम करणारी बाई होती. मागे मशीनचा आवाज चालू होता, तो मध्येच थांबला.

"म्हणजे ती मरणार नव्हती?"

"या आजाराने नाही. ताप दुसऱ्या कशाचा तरी असणार. बरी झाली असती, बहुतेक."

"मी माझ्या मुलीला सांगितलं की दुसरा काही मार्गच नव्हता. तीन दिवस जेवली नव्हती पोर." बाईंचा श्वास ऐकू येत होता. "आता हे तिला सांगायचं कोणी?"

"मी सांगते. तुम्ही म्हणाल तेव्हा येते."

"नको," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळीही तुमच्याच कागदानं सांगितलं होतं." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

धाकटी रडली नाही. सरांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे, रडायची आपली लायकी नाही असं तिला वाटलं म्हणून. हातातल्या यादीवर तिने खूण केली आणि ती भांडी धुवायच्या खोलीत जाऊन विनाकारण चंचुपात्रं विसळत बसली.

घरी नवरा वाळलेले कपडे घडी घालत होता. तो शाळेत गणित शिकवायचा, आणि घरातही उत्तराकडे सरळ रेषेत जायचा. तिने बाराव्या नळीचं सांगितलं.

"ती नोंदीत आहे?"

"नाही."

"मग सोड. बोका परत येणारे का? त्यांनी कसंबसं मन घट्ट केलंय. आता तू जाऊन पुन्हा जखमेवरची खपली काढणार."

"आणि खरं काय ते?"

"मला एक सांग," तो चादरीची दोन टोकं जुळवत म्हणाला. "तुला हे त्यांच्यासाठी सांगायचंय की तुझ्यासाठी? तुझं मन हलकं व्हावं म्हणून त्यांचं जड करायचं, याला खरेपणा म्हणत नाहीत."

तिला राग आला. राग आला कारण त्याचं म्हणणं तिला खोडता येईना. तिने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी घडी घातली.

शुक्रवारी तिने बारावी नळी लावली. एक तपासणी होईल एवढाच नमुना उरला होता. शेजारी पाणी, पेशी आणि वाहक. पट्टी आली तर सुटलो, असं तिच्या मनात आलं. बोका खराच आजारी होता, चुकून का होईना आपण बरोबर बोललो, आता वडिलांना काही सांगायलाच नको. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखाद्या मांजराला असाध्य आजार असावा म्हणून देव पाण्यात घातले, आणि तसं करताना स्वतःची तिला किळस आली. जेलखालचा दिवा लावला. पेशींच्या जागी पट्टी होती. पाण्याची जागा काळी, वाहकाची काळी, आणि इन्स्पेक्टरचीही काळी.

रविवारी सकाळी दहा वाजता ती वडिलांकडे गेली. त्यांनी दार उघडलं, हातात पाना होता. नळ गळत होता म्हणे. त्यांनी चहा टाकला. खिडकीच्या कट्ट्यावर पूर्वी घोंगडीचा तुकडा असायचा, तिथे आता स्क्रूंचे डबे ओळीने मांडले होते. चहा होईपर्यंत ते नळाबद्दल बोलले, थोरलीचा फोन आला होता त्याबद्दल बोलले. थोरली दूर असायची आणि महिन्यातून दोनदा फोनवर वडिलांना पथ्य सांगायची.

"बाबा, इन्स्पेक्टरला तो आजार नव्हता."

वडिलांनी कप खाली ठेवला.

"माझी चूक झाली. तपासणीत. त्याला नुसता विषाणू होता, तो तर कितीतरी मांजरांना असतो. ताप कशाचा होता माहीत नाही. दाताचा असेल, जखमेचा असेल. मी परवा परत तपासलं." ती एका दमात बोलत गेली, कारण थांबलो तर पुढचं निघणार नाही हे तिला माहीत होतं. "माझ्या सांगण्यावरून तुम्ही त्याला नेलंत. आणि तो मरणार नव्हता."

वडील टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "कशी झाली?"

तिने सांगितलं. दोन बाटल्या, एकच उघडलेली. पट्टी कुठे यायला हवी होती आणि कुठे आली. मग न लावलेल्या नळीचं सांगितलं. ते तिला गाळता आलं असतं, पण गाळलं नाही.

"म्हणजे ब्रेक," वडील म्हणाले.

"काय?"

"लिफ्टला खाली एक ब्रेक असतो. दोर तुटला तरच लागतो. चौतीस वर्षांत माझा एकदाही लागला नाही. दर महिन्याला खाली उतरून बघायचो, अंगभर ग्रीस व्हायचं. तुझी आई ओरडायची कपड्यांवरून." ते तिच्याकडे बघत नव्हते. "एकदाही लागला नाही, तरी बघायचो."

धाकटीने मान खाली घातली. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"बाकीच्यांना सांगितलंस?"

"सगळ्यांना. तुम्ही शेवटचे."

"शेवटचा का?"

"भीती वाटत होती."

वडिलांनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांना चाललं. मग ते बोलले. "त्या दिवशी सकाळी त्यानं खाल्लं. बशी चाटून पुसून. मग खिडकीत चढला, दोन वेळा घसरला, तिसऱ्यांदा चढला. मी तुला फोन करायला घेतला. नंबरसुद्धा लावला."

"मग?"

"मग ठेवला. म्हटलं तू म्हणशील, बाबा, उगाच आशा लावून घेऊ नका." ते थांबले. "बोका डोळ्यांसमोर सांगत होता, मी बरा आहे. मी त्याचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. टोपलीत घातला. वाटेत ओरडलासुद्धा नाही. त्याला वाटलं असेल, फिरायला निघालो."

धाकटीच्या डोळ्यांतून आता पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. वडिलांनी तिला धीर दिला नाही. ते तिच्याकडे रोखून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुसरंच काहीतरी होतं. घाबरल्यासारखे दिसत होते ते.

"धाकटे," ते म्हणाले. "एक विचारू?"

"विचारा ना."

"तुझ्या आईचं. यंत्रावर होती तेव्हा. डॉक्टरांनी ते कागद दिले, मला एक अक्षर कळलं नाही. तू वाचलेस. तेव्हाही तू हेच म्हणालीस, बाबा, आता उगाच आशा लावून घेऊ नका. मी सही केली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नाही केली, तुझ्या सांगण्यावरून केली." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "ते तरी बरोबर होतं ना?"

खोलीत नळाचं पाणी ठिबकत होतं.

ते बरोबर होतं. धाकटीला ते माहीत होतं. ते कागद तिने चार वेळा वाचले होते, दोन डॉक्टरांशी बोलली होती, मेंदूच्या त्या आलेखातली प्रत्येक सपाट रेघ तिला आजही दिसत होती. एवढी खात्री तिला कुठल्याच गोष्टीची नव्हती. ती "हो" म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात तिला आठवलं की बोक्याच्या वेळीही तिला एवढीच खात्री होती. त्या संध्याकाळी फोनवर तिचा आवाज असाच ठाम होता. आत्ता जे "हो" निघेल ते हुबेहूब त्याच आवाजात निघेल, आणि वडिलांना दोन्हींतला फरक कळायला काही मार्ग नाही.

"हो बाबा," ती तरीही म्हणाली. "बरोबर होतं."

वडिलांनी मान हलवली. पण ते बघत होते टेबलाकडे, आणि अंगठा पुन्हा कडेवरून फिरायला लागला होता. दोन वर्षं ज्या आधारावर ते झोपत होते तो तिने त्यांच्या खालून काढून घेतला होता. नवरा म्हणत होता ते ओझं हेच. फक्त ते किती मोठं असेल, हे त्यालाही कळलं नव्हतं आणि तिलाही.

"इस्पितळात आईची फाइल असेल," ती म्हणाली. "मी सगळे कागद मागवून आणते. तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरांना दाखवू. मला न ओळखणाऱ्या. मी बाहेर बसेन, एक शब्द बोलणार नाही. ते काय म्हणतात ते तुम्हीच ऐका."

असू दे, गरज नाही, तुझ्यावर विश्वास आहे माझा, असं ते म्हणतील म्हणून ती थांबली. जन्मभर ते असंच म्हणत आले होते. शाळेचं प्रगतिपुस्तक न उघडता सही करणारे हे वडील.

वडिलांनी पाना उचलला, नळाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवला.

"आण," ते म्हणाले.